कोर्सचं नाव झाका आणि वेळापत्रक वाचा

‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द १९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या अभियंत्याने घडवला. मेकॅनिझममधला ‘मेका’ घेतला, इलेक्ट्रॉनिक्समधला ‘ट्रॉनिक्स’ घेतला आणि सांधा मारला. शब्द चांगलाच रुजला, आज जगभर या नावाचे कोर्स आहेत. पण एखाद्या कॉलेजात या नावाखाली मोटर, सेन्सर, कंट्रोल आणि प्रोग्रॅमिंग एकमेकांत गुंफून शिकवतात. दुसरीकडे जुन्याच मेकॅनिकलला इलेक्ट्रॉनिक्सचे दोन विषय चिकटवून पाटी तेवढी बदललेली असते. माहितीपत्रक दोघांचंही गुळगुळीत. फरक कळतो तिसऱ्या सेमिस्टरला, आणि तेव्हा हात चोळत बसण्यापलीकडे काही उरलेलं नसतं.

बरीच वर्षं मी वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवतोय. प्रवेशाच्या दिवसांत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, “सर, कुठल्या ब्रँचला स्कोप आहे?” कोर्स संपायला दोन-चार वर्षं लागतात, आणि तेव्हा बाजार कुठे असेल हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. मी उलट विचारतो, “सोमवारी सकाळी तू तिथे नक्की काय करत असशील?” याचं उत्तर आजच मिळू शकतं. त्यासाठी कोर्सचं नाव क्षणभर झाकायचं आणि आठवड्याचं वेळापत्रक मागायचं.

वेळापत्रकात प्रॅक्टिकलचे तास मोजाच, पण तिथे थांबू नका. समजा, लेथचं, म्हणजे धातू गोल फिरवत कापायच्या यंत्राचं, प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदा, तीन तासांचं आहे. सेमिस्टर १५ आठवड्यांचं. कागदावर झाले ४५ तास. आता बॅच किती जणांची ते विचारा. २० जणांची? आणि चालू लेथ किती? चार. म्हणजे एका लेथवर पाच जण. हजेरी, मटेरिअल घेणं आणि शेवटची साफसफाई यांत अर्धा तास गेला, उरली १५० मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला ३० मिनिटं. १५ आठवड्यांचा गुणाकार करा: साडेसात तास. माहितीपत्रकात ४५, हातात साडेसात. हा हिशोब पाचवीतला मुलगाही करेल, पण प्रवेश घेताना तो करणारे पालक मला क्वचितच भेटतात.

‘चालू लेथ किती’ हे मुद्दाम लिहिलंय. ‘लेथ किती’ असं विचारलं तर बंद पडलेलेही मोजले जातात.

तीन पायऱ्या, तीन वेगळी कामं

ब्रँचच्या आधी ठरवायची गोष्ट म्हणजे पायरी. तंत्रशिक्षणात ढोबळमानाने तीन पायऱ्या असतात आणि त्यांची वाटणी आंतरराष्ट्रीय पातळीवर बरीच स्पष्ट झालेली आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अभियांत्रिकी मान्यता देणाऱ्या संस्थांनी एकमेकांची मान्यता मानण्यासाठी तीन करार केले. अभियंत्यांच्या पदवीसाठी १९८९चा वॉशिंग्टन करार, तंत्रज्ञांसाठी (म्हणजे टेक्नॉलॉजिस्टसाठी) २००१चा सिडनी करार आणि टेक्निशियनसाठी २००२चा डब्लिन करार. या करारांतली मला आवडणारी गोष्ट अशी, की त्यांनी फरक हुशारीवर केलेला नाही. फरक केलाय समोर येणाऱ्या प्रश्नाच्या जातीवर. टेक्निशियनसमोरचा प्रश्न नीट आखलेला असतो: हा पंप दाब धरत नाही, कारण शोध. टेक्नॉलॉजिस्टचा पसरट असतो: या ओळीतले सगळे पंप वर्षातून तीनदा का बिघडतात? अभियंत्याचा प्रश्न गुंतागुंतीचा, त्यातल्या अटीही एकमेकींशी भांडणाऱ्या: इथे पंप हवाच का, आणि हवा तर कसला?

आता स्वतःला विचारा, तुम्हाला कोणत्या प्रश्नाशी झटापट करायला आवडेल? काहींना बंद यंत्र सुरू झाल्याचा आवाज ऐकला की दिवस सार्थकी लागतो. काहींना कोऱ्या कागदावर आकडेमोड करायला आवडते आणि हाताला ग्रीस लागलेलं खपत नाही. दोघांनीही चुकीची पायरी निवडली तर दोघंही सारखेच दुःखी होतात. लोक पायऱ्यांकडे मान-अपमानाच्या नजरेने बघतात, म्हणून ही निवड बहुतेक वेळा चुकते. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाता येतं का, आणि गेलं तर आधीचे किती विषय धरले जातात, हे मात्र प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. तोंडी मिळालेलं “हो हो, जाता येतं” नंतर कुणालाच आठवत नाही.

मान्यतेचंही तसंच. कॉलेजला मान्यता असणं आणि तुम्ही घेताय त्याच कोर्सला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कामाला परवाना लागतो, उदाहरणार्थ विजेच्या जोडण्या किंवा दाबाखालच्या टाक्यांचं वेल्डिंग, तिथे परवाना देणाऱ्याकडे थेट चौकशी करा, कॉलेजकडे नको.

वर्कशॉप बघताना

कॉलेज दाखवायला नेणारा माणूस तुम्हाला सगळ्यात नवं यंत्र दाखवतो. ते बघून घ्या, पण नजर दुसरीकडे ठेवा. स्क्रॅपची पेटी भरलेली आहे का? भरलेली असेल तर इथे काम चालतं. बारीक मापं घ्यायचे मायक्रोमीटर मुलांच्या टेबलावर आहेत की कपाटात कुलूपबंद? भिंतीवरच्या फळीवर हत्यारांच्या आकृत्या काढलेल्या असतील, तर त्यांतल्या किती आकृत्या रिकाम्या आहेत? नव्याकोऱ्या मशिनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धुळीचा थर दिसला, तर ते मशीन पाहुण्यांसाठी आहे असं समजा.

मग दुसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा गाठा आणि म्हणा, “शेवटचा जॉब कोणता केलास? दाखव ना.” जॉब म्हणजे वर्कशॉपमध्ये बनवलेली वस्तू. मुलगा खिशातून किंवा बॅगेतून काही काढून दाखवायला लागला, कुठे चुकलं तेही सांगायला लागला, तर निम्मी परीक्षा झाली. त्याला एकच आणखी विचारा: “जॉब बिघडला तर दुसरं मटेरिअल मिळतं का?” माझ्या मते कोर्सची खरी किंमत या प्रश्नात कळते. जिथे एकच तुकडा मिळतो तिथे मुलं चुकायला घाबरतात. चुकायला घाबरणारा मुलगा कट खोल घेत नाही, नवीन काही करून बघत नाही, आणि शेवटी शेजाऱ्याचा जॉब दाखवून मार्क घेतो.

कोर्समधल्या कामांचा क्रमही बघा. १८६८च्या सुमारास मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्होस यांनी एक पद्धत बसवली. तोवर कारागिरी उस्तादाच्या मागे उभं राहून, बघून बघून शिकायची असायची. डेला-व्होस यांनी प्रत्येक धंद्याच्या लहान लहान क्रिया वेगळ्या केल्या: आधी सरळ कानस मारणं, मग काटकोन, मग दोन तुकडे जुळवणं. त्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आणि शिकायचं वर्कशॉप माल बनवण्याच्या वर्कशॉपपासून निराळं केलं. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन रंकल ते बघून इतके प्रभावित झाले की त्यांनी ही पद्धत आपल्याकडे नेली. आजही चांगल्या वर्कशॉपचा सांगाडा हाच आहे. याची एक खोडही आहे: नुसतेच सांधे आणि खाचा करत राहिलं तर मुलं कंटाळतात, कारण त्यातून चालणारी वस्तू बनत नाही. म्हणून पहिल्या वर्षी कसरती आणि पुढे हळूहळू एखादी फिरणारी, उचलणारी, पाणी ओढणारी वस्तू असा कोर्स दिसला तर त्याला झुकतं माप द्या.

हत्यार की मूळ

“आमच्याकडे अमुक कंपनीचं लेटेस्ट सॉफ्टवेअर शिकवतात” ही जाहिरात सगळ्यांना ओढते. सॉफ्टवेअर शिकावंच, पहिली नोकरी मिळायला त्याचा उपयोग होतो. पुढचं मात्र वेगळं आहे. अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ११ देशांतल्या माणसांच्या नोकऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. व्यवसायशिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी सहज लागते, पण वय वाढत जातं तसा हा फायदा आटत जातो आणि पुढे उलटतो, असं त्यात दिसलं. त्यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. ठरावीक हत्यारावर बसलेला हात, हत्यार बदललं की अडखळतो.

मग शिकायचं काय? कंट्रोल पॅनेलचं उदाहरण घेऊ. कारखान्यातली यंत्रं चालवणारा पीएलसी नावाचा छोटा संगणक १९६० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याआधी हेच काम रिलेच्या, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांच्या, जाळ्याने व्हायचं. पीएलसीचा प्रोग्रॅम शिडीसारख्या चित्रात लिहायची सोय झाली ती याच रिलेवाल्या इलेक्ट्रिशियनांना वाचता यावा म्हणून. तेव्हापासून कंपन्या बदलल्या, स्क्रीन रंगीत झाले, पण मूळ चक्र तेच आहे: इनपुट वाच, प्रोग्रॅम चालव, आउटपुट लिही, पुन्हा पहिल्यापासून.

या विषयात नवशिका हमखास एका जागी अडकतो. स्टॉपचं बटण प्रत्यक्षात ‘नॉर्मली क्लोज्ड’ असतं, म्हणजे न दाबता त्यातून करंट वाहतो. प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच बटणाची खूण ‘नॉर्मली ओपन’ काढतात. मुलं म्हणतात, सर, छापायची चूक दिसतेय. चूक नाही. बटण क्लोज्ड ठेवायचं कारण असं, की उद्या तार तुटली किंवा उंदराने कुरतडली तर पीएलसीला ‘बटण दाबलंय’ असाच निरोप जातो आणि मशीन थांबतं. उलटं जोडलं असतं तर तार तुटलेली कुणाला कळलीच नसती. मशिनमध्ये हात अडकलेला माणूस बटण बडवत राहिला असता आणि मशीन चालूच राहिलं असतं. प्रोग्रॅममधली खूण फक्त विचारते, “करंट येतोय ना? मग चालू राहू दे.” हे ज्याला कळलं त्याला कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर द्या, आठ-पंधरा दिवसांत तो रुळतो. ज्याला फक्त ‘या मेनूत जा, इथे क्लिक कर’ एवढंच शिकवलंय, तो नवीन आवृत्ती आली की पुन्हा क्लास शोधतो.

अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचताना म्हणून मी मूळ विषयांचे तास मोजतो: गणित, मापन, मटेरिअल, विजेची मूलतत्त्वं, ड्रॉइंग वाचणं. ‘ओळख’ आणि ‘परिचय’ हे शब्द जितके जास्त, तितका कोर्स पातळ.

आत गेल्यावर

गणिताला घाबरून तांत्रिक कोर्सकडे येणारे बरेच असतात. “मला हाताने काम करायचंय, गणित नको.” त्यांना मी लेथवरचा टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा दांडा, देतो. १०० मिलिमीटर लांबीत व्यास ४० वरून ३० वर उतरवायचा आहे, तर टूल किती अंशांत फिरवायचं? व्यासांतला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीने भागा: १० भागिले २००, म्हणजे ०.०५. ज्याचा टँजंट ०.०५ तो कोन २ अंश ५२ मिनिटांच्या आसपास. इथे ‘दुप्पट’ विसरलात तर कोन पावणेसहा अंशांच्या जवळ जातो आणि जॉब सरळ स्क्रॅपच्या पेटीत. दुप्पट का? कारण टूल एका बाजूने कापतं, पण व्यास दोन्ही बाजूंनी कमी होतो. लागणारं गणित एवढंच असतं: अपूर्णांक, गुणोत्तर, एककं बदलणं, सूत्रातली बाजू फिरवणं आणि त्रिकोणमितीची तोंडओळख. कच्चं असेल तर कोर्स सुरू व्हायच्या आधीच्या रिकाम्या महिन्यात ते पक्कं करा. नंतर ‘वेळ मिळाला की करू’ म्हणणाऱ्यांना वेळ मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण थिअरी आणि हात एकमेकांना कुठे भेटतात ते एका गरम शाफ्टवरून, म्हणजे गोल दांड्यावरून, सांगतो.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, २५ जी-६. म्हणजे शाफ्टचा व्यास २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटरच्या मध्ये हवा. मोकळीक फक्त ०.०१३. विद्यार्थी शेवटचा कट घेतो, मशीन थांबवतो आणि चकमध्येच, म्हणजे लेथच्या पकडीत असतानाच, मायक्रोमीटर लावतो: २४.९९०. बसलं! खुशीत तो जॉब काढतो. जेवून आल्यावर तपासायला आणतो, तर मायक्रोमीटर २४.९७८ दाखवतो. जॉब बाद. तो म्हणतो मायक्रोमीटर बिघडलाय, मित्र म्हणतो तू नीट धरला नव्हतास.

झालं असं, की कापताना पोलाद तापलं होतं. पोलादाचा तुकडा दर अंश सेल्सिअसला आपल्या मापाच्या दहा लाखांत साधारण १२ भाग एवढा फुगतो. शाफ्ट ६० अंशांवर असेल, म्हणजे नेहमीच्या २० अंशांपेक्षा ४० ने गरम, तर २५ मिलिमीटरचा व्यास ०.०१२ ने मोठा दिसतो. मोकळीक होती ०.०१३. जवळजवळ अख्खी मोकळीक उष्णतेनेच खाल्ली. लांबीची मापं २० अंशांना धरायची हा नियम इतका मूलभूत आहे, की आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९५१ साली काढलेलं पहिलंच मानक याच विषयाचं होतं.

उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे त्या मुलाने शाळेत पाठ केलेलं असतं, परीक्षेत मार्कही घेतलेले असतात. फक्त ते वाक्य त्याच्या चकमधल्या शाफ्टबद्दल आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तांत्रिक कोर्समध्ये टिकणारी आणि गळणारी मुलं मी बघत आलोय, आणि फरक बहुतेक इथेच दिसतो. टिकणारा मुलगा मशिनसमोर उभा राहून वर्गातलं वाक्य आठवतो आणि वर्गात बसलेला असताना मशीन आठवतो.

पाठांतराबद्दलही थोडं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहायचा तीनदा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. म्हणून जर्नल मित्राचं बघून उतरवणं हा वेळेचा सगळ्यात मोठा नास आहे. हात चालतो, डोकं झोपलेलं असतं. त्यापेक्षा प्रॅक्टिकल झाल्यावर त्याच संध्याकाळी वही मिटून सर्किट कोऱ्या कागदावर काढा. जिथे पेन अडतं तेवढंच उघडून बघा. चार दिवसांनी पुन्हा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरा सापळा ग्रुपचा. पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक हुशार मुलगा जोडण्या करतो, एक रीडिंग लिहितो, उरलेले तिघं बघतात आणि सेमिस्टरभर बघतच राहतात. ते दोघं काही वाईट नसतात, काम पटकन उरकायचं असतं एवढंच. तुम्ही बघणाऱ्यांत असाल तर पुढच्या वेळी मल्टिमीटर आधी उचला. चुकीच्या जागी लावाल, सर ओरडतील, चालायचंच. फक्त मीटर करंटच्या खुणेवर ठेवून थेट सप्लायवर लावू नका, ते ओरडण्यावर भागत नाही.

मागे पडलात तर सहाव्या आठवड्याच्या आत बोला. या शिक्षणात विषय एकमेकांवर रचलेले असतात. ओहमचा नियम कच्चा राहिला तर पुढच्या सर्किटपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळंच डळमळतं. शिक्षकाकडे जाताना “मला काहीच कळत नाही” असं म्हणू नका, त्यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. वही उघडून दाखवा: “इथपर्यंत आलं, ही ओळ कुठून आली ते कळत नाही.” असं विचारणाऱ्याला मी जेवणाच्या सुट्टीतही हाकललेलं नाही.

कारखान्यातलं प्रशिक्षण कोर्सचा भाग असेल तर ते कोणी शोधायचं, कॉलेजने की तुम्ही, आणि तिथे काय शिकवणार हे लिहून दिलंय का, ते बघा. जर्मनीत १९६९च्या कायद्याने या जोडशिक्षणाला चौकट मिळाली: कारखान्याशी लेखी करार, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, बाकीचे शाळेत. सगळीकडे इतकं नीट नसतं. मी स्वतः शिकत असताना एका कारखान्यात दोन महिने फक्त मालाची चलनं फाइलला लावत होतो. शेवटी रात्रपाळीच्या फिटरला चहा नेऊन देऊ लागलो आणि बेअरिंग कसं काढतात ते त्याच्याकडून शिकलो.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात मुलांचे बिघडलेले जॉब आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायला लावतो, काय चुकलं ते त्यानेच लिहायचं. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी तो खण टेबलावर ओततो आणि चिठ्ठ्या वाचायला देतो. ‘दुप्पट विसरलो.’ ‘ड्रॉइंग उलटं धरलं.’ एका शाफ्टवर तारीख आणि दोनच शब्द आहेत: ‘गरम मोजला.’